मालकाची दया आणि कामगाराचें मत

उद्योगधंद्यांचा इतिहास आपल्याकडे बहुधा मालकांच्या चरित्रांवरून लिहिला जातो. भांडवल कोणीं उभारलें, यंत्रें कोठून आणलीं, नफा किती झाला, हें त्यांत सविस्तर असतें. परंतु धंद्याचें बरेंवाईट ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हातीं होता, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आम्हां धरमपेठेंतील रहिवाशांस या प्रश्नाचीं दोन निराळीं उत्तरें आपल्या नागपुरांतच सांपडतात.

पहिलें उत्तर एम्प्रेस मिलचें. जमशेटजी टाटा यांनीं १८७४ सालीं कंपनी स्थापिली, आणि १ जानेवारी १८७७ रोजीं, व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलें त्याच दिवशीं, गिरणी सुरू झाली. या मालकांस निर्दय म्हणणें अन्यायाचें होईल. १८८६ सालीं तेथें पेन्शनचा फंड निघाला. १८९५ सालीं अपघातांत सांपडलेल्यांस भरपाई देण्याची व्यवस्था झाली. अशा भरपाईचा कायदा या देशांत १९२३ सालीं झाला, हें ध्यानांत घेतलें म्हणजे मालकाचें औदार्य कळतें. इतकें सारें मिळालें. मिळालें नाहीं तें एक मत. कंपनीच्या पद्धतींत मत शेअरामागें असतें. तीस वर्षें मागावर उभ्या राहिलेल्या माणसामागें नसतें. पुढें १९८६ सालीं गिरणी सरकारी महामंडळाकडे गेली आणि २००२ सालीं बंद पडली. हे निर्णय ज्यांच्या चुलींवर येऊन पडले, त्यांचा हात सभेंत कधींच मोजला गेला नाहीं.

दुसरें उत्तर कॉफी हाउसचें. कॉफीचा खप वाढावा म्हणून कॉफी सेस कमिटीनें १९३६ सालीं मुंबईस चर्चगेट येथें पहिलें दुकान काढलें. पुढील दशकांत देशभर अशीं सुमारें पन्नास दुकानें झालीं. परंतु १९५५ च्या सुमारास कॉफी बोर्डानें तीं बंद करण्याचें धोरण धरलें. तेव्हां ए. के. गोपालन यांच्या प्रोत्साहनानें कामगारांनीं चळवळ केली आणि दुकानें आपल्याच ताब्यांत मागितलीं. १९ ऑगस्ट १९५७ रोजीं बंगळूरास पहिली सहकारी संस्था झाली, वर्षअखेर दिल्लीस दुसरी, आणि पुढें इतर शहरांप्रमाणें नागपुरासही. काल जो केवळ पेले मांडीत होता, तो आज संस्थेचा सभासद झाला. भाग कितीही असोत, माणशीं मत एकच, हा १८४४ सालच्या रॉचडेलच्या विणकरांपासून चालत आलेला नियम त्याच्या वांट्यास आला.

यावर कोणी म्हणेल, कॉफी करणें निराळें आणि कारखाना चालविणें निराळें. त्यास कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जचा दाखला देतां येईल. हा कारखाना १९८५ सालीं बंद पडला. १९८८ सालीं कामगारांची योजना मंजूर होऊन त्यांच्या सहकारी संस्थेनें तो हातीं घेतला. आरंभीं गाडें बरें चाललें. पुढें खेळत्या भांडवलाच्या चणचणीनें तें रुतलें. परंतु न्याय करतांना हेंही पाहिलें पाहिजे, कीं कामगारांच्या हातीं धंदा आला तो मोडकळीस आल्यावर. भरल्या घराचा वांटा त्यांस कोणी देत नाहीं. जळक्या घराचा देतात, आणि मग त्यांस घर राखतां आलें नाहीं म्हणून हंसतात.

स्पेनमधील मोंद्रागोन येथें क्रम उलटा होता. तेथें १९४३ सालीं प्रथम धंदेशिक्षणाची शाळा निघाली, १९५६ सालीं तिच्याच विद्यार्थ्यांनीं कारखाना काढला, आणि १९५९ सालीं सहकारी पेढी उभी राहिली. तेथेंही सर्व आलबेल नव्हतें. २०१३ सालीं फागोर ही तेथील मोठी संस्था बुडाली. तथापि भगिनी-संस्थांनीं तिच्या पुष्कळ कामगारांस आपल्यांत सामावून घेतलें.

यावरून आम्हांस एवढेंच दिसतें: मालकाची दया मोलाची खरी, परंतु ती मालकाबरोबर जाते, मत कामगारापाशीं राहतें. मात्र ज्यास ताळेबंद वाचतां येत नाहीं, त्याचें मत दुसराच कोणी चालवितो. सुशिक्षित घरांतून सहकाराविषयीं सहानुभूति पुष्कळ आढळते. त्यांपैकीं एकाद्यानें जरी आठवड्यांतून एक संध्याकाळ कामगारांस जमाखर्च शिकविण्यांत घालविली, तरी त्या सहानुभूतीचें चीज होईल.