बर्फाची माफी आणि मिठाचा मक्ता

चेन्नईहून बंगळुरूकडे जाताना श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै लागते. १९९० पासूनचा मोटारशर्यतींचा मार्ग आणि १९९८ पासून उत्पादन करणारा ह्युंदाईचा कारखाना ही त्याची आजची ओळख. मे महिन्यात येथे पारा चाळिशीला टेकतो. अशा हवेत ड्राफ्ट बिअरचे पिंप राखणे हा वरकरणी उपाहारगृहाच्या मालकाचा प्रश्न. परंतु त्यामागे एक जुना प्रशासकीय प्रश्न आहे, तो म्हणजे थंडाव्याचा भार कोणी सोसायचा?

ड्राफ्ट बिअर बहुधा पाश्चरीकरण न केलेली असते. पिंप सुमारे ३ अंश सेल्सिअसवर ठेवावे लागते. तापमान चढले की बिअरमधील कार्बन डायऑक्साइड सुटू लागतो आणि तोटीतून नुसता फेस येतो. पुढे जंतू बळावून ती आंबते. इंग्लंडातील जुन्या पद्धतीची पिंपातील एल ११ ते १३ अंशांच्या तळघरात सुखाने राहते. मद्रासला तळघर कितीही खोल खणले तरी ते भाग्य नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या हॉजसनची बिअर पिंपांतून, आफ्रिकेला वळसा घालून आणि विषुववृत्त दोनदा ओलांडून, अनेक महिन्यांनी हिंदुस्थानात पोहोचत असे. ती पेल्यात थंड करण्याचे काम साहेबाच्या आबदाराचे. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषतो. त्या पाण्यात आबदार बाटली फिरवीत बसे. शिवकालीन अठरा कारखान्यांत आबदारखाना आणि दारूखाना दोन्ही होते. तिथली दारू बंदुकीची. पण सोरा लागे तो तिलाही!

१८३३ मध्ये बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने गोठलेल्या तळ्यांतील १८० टन बर्फ ‘टस्कनी’ जहाजाने कलकत्त्यास धाडला. सुमारे १०० टन शिल्लक उरला. पुढे जे घडले ते माझ्या मते अभ्यासण्याजोगे आहे. बर्फाला आयातशुल्क माफ झाले, रात्री माल उतरविण्याची सवलत मिळाली आणि गव्हर्नर जनरल बेंटिंक यांनी जहाजाबरोबर आलेल्या प्रतिनिधीस चांदीचा चषक दिला. नाशवंत मालाची निकड ओळखून नियम शिथिल करणे, ही तत्परता कोणत्याही सीमाशुल्क अधिकाऱ्याने कौतुकाने पाहावी अशीच. मात्र ती कोणासाठी होती, हेही पाहिले पाहिजे. मद्रास इलाख्यात १८०५ पासून मिठावर सरकारी मक्ता होता. ज्या किनाऱ्यावर मीठ पिके तेथील कोळ्याला ते सरकारी भावाने घ्यावे लागे. मेजवानीतील क्लॅरेट व बिअर थंड करणाऱ्या परदेशी बर्फाला सरकारचे दार सताड उघडे. अर्थशास्त्रात याला प्रतिगामी करभार म्हणतात.

१८४२ च्या सुमारास मद्रासच्या समुद्रकिनारी ट्यूडरचे बर्फगृह उभे राहिले. त्याचा धंदा बुडविला तो यंत्राने. जर्मनीत कार्ल फॉन लिंडे यांना शीतकरणाच्या प्रयोगांसाठी १८७० च्या दशकात बिअरवाल्यांनीच पाठबळ दिले. म्युनिकच्या श्पाटेन मद्यशाळेत त्यांचे यंत्र चालले. मद्रासेतही १८७४ मध्ये यंत्राने बर्फ तयार करणारी कंपनी निघाली.

बर्फगृह विकले गेले. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तेथे उतरले होते. १९१७ मध्ये सरकारने ते घेतले व पुढे तेथे बालविधवांचे वसतिगृह चालले. आज वास्तूवर ‘विवेकानंदर इल्लम’ अशी पाटी आहे. त्या भागातील पोलीस ठाणे मात्र अजूनही आइस हाउस याच नावाने ओळखले जाते.