तिरका पत्रा कागदावर आखूड का दिसतो? ऑक्झिलरी व्ह्यू समजून घ्या

अक्कलकोट हा ज्वारी-तुरीचा तालुका, त्यामुळे पिठाची गिरणी गावोगावी. गिरणीवर धान्य ओतण्यासाठी पत्र्याचा चौकोनी, खाली निमुळता होत जाणारा हॉपर असतो. तो बनवताना पत्रा वाया घालवण्याची सोपी वाट म्हणजे त्याची तिरकी बाजू नेहमीच्या ड्रॉइंगवरून थेट मोजणे.

समजा, हॉपरचे वरचे तोंड ८०० मिमी चौरस, खालचे २०० मिमी चौरस आणि उंची ४०० मिमी आहे. समोरून काढलेल्या चित्रात, म्हणजे एलिव्हेशनमध्ये, पुढची बाजू ४०० मिमी उंच दिसते. वरून काढलेल्या प्लॅनमध्ये तीच ३०० मिमी भरते. खरी लांबी यांपैकी एकही नाही. ती ५०० मिमी आहे. शाळेतल्या पायथागोरसचे ३-४-५.

४०० धरून चार तुकडे कापले तर गंमत अशी, की ते एकमेकांना व्यवस्थित जुळतात, वेल्डिंगही होते. पण हॉपरची उंची साधारण २६५ मिमीच होते आणि ११२ लिटरच्या जागी जेमतेम ७४ लिटर धान्य मावते.

असे होते कारण कोणतीही बाजू खऱ्या मापात दिसायची तर तिच्याकडे अगदी काटकोनातून पाहावे लागते. समोरची आणि वरची नजर तिरक्या पत्र्यावर तिरकीच पडते. म्हणून त्या पत्र्याला समांतर असे एक जादा प्रतल मानून त्यावर चित्र काढतात. हाच ऑक्झिलरी व्ह्यू, मराठीत सहाय्यक दृश्य.

आपल्या हॉपरची डावी बाजू घेऊ. एलिव्हेशनमध्ये ती नुसती एक तिरकी रेषा दिसते आणि हीच रेषा ५०० मिमी भरते. तिच्या दोन्ही टोकांपासून तिला काटकोनात बारीक रेषा काढायच्या. इथेच बहुतेक विद्यार्थी घसरतात: गुण्या सवयीने आडव्या एक्स-वाय रेषेवर टेकवला जातो, तो टेकवायचा तिरक्या रेषेवर. मग थोड्या अंतरावर तिरक्या रेषेला समांतर मध्यरेषा आखायची. रुंदी मात्र प्लॅनमधून उचलायची: वरच्या टोकाला मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ४००-४००, खालच्या टोकाला १००-१००. चार बिंदू जोडले की ८०० आणि २०० मिमीच्या समांतर बाजूंचा, ५०० मिमी उंचीचा समलंब चौकोन मिळतो. पत्रा या आकाराचा कापायचा. जोडासाठी दुमड हवी असेल तर ती वेगळी धरायची.

याच बाजूवर गोल भोक असेल तर प्लॅनमध्ये ते लंबगोल दिसते, ऑक्झिलरी व्ह्यूमध्ये गोलच. भोकाचे माप तिथेच लिहावे.

चौकोनी ठोकळ्याचा कोपरा तिरका छाटला, तर तो छाटलेला भाग तिन्ही नेहमीच्या दृश्यांना तिरका असतो आणि कुठेच नुसती रेषा म्हणून दिसत नाही. तिथे एका ऑक्झिलरी व्ह्यूने भागत नाही. पहिल्यात तो भाग रेषा बनतो, दुसऱ्यात त्याचा खरा आकार उलगडतो.

गणितावर विश्वास बसत नसेल तर जुन्या वहीचा पुठ्ठा घ्या. ८० आणि २० मिमी समांतर बाजू, ५० मिमी उंची असे चार तुकडे कापून चिकटपट्टीने जोडा आणि टेबलावर उभे करून मोजा. उंची ४० मिमी भरेल.