वानरांचा कळप आणि भास्कराचार्यांचा ताळा

'क्षची किंमत घालून ताळा करा' हे वाक्य आम्ही शाळेत इतक्या वेळा ऐकले आहे की, त्यामागे विचाराचा काही इतिहास असेल अशी शंकाही मनात येत नाही. तो पाहावयाचा तर भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'कडे वळले पाहिजे. शके १०३६ मध्ये जन्मलेल्या आचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, 'सिद्धान्तशिरोमणि' रचला. 'बीजगणित' हा त्याचाच एक भाग मानतात. त्यात अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हटले आहे. लिहिताना नुसते 'या', आणि तिच्या वर्गाला 'याव'. अज्ञाताच्या जागी त्याचे मान ठेवणे, याला नाव आहे 'उत्थापन'.

आता त्यांतील दोन उदाहरणे घेऊ. कळपाच्या अष्टमांशाच्या वर्गाइतके वानर वनात खेळत आहेत व उरलेले बारा टेकडीवर आहेत; तर एकूण किती? उत्तरे दोन: ४८ आणि १६. अठ्ठेचाळीसचा अष्टमांश ६, वर्ग ३६, त्यात १२ मिळवून ४८. सोळाचा अष्टमांश २, वर्ग ४, बारा मिळवून १६. आचार्य दोन्ही उत्तरे मान्य करतात.

दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करून उरेल त्याच्या वर्गाइतके वानर गुहेत शिरले. एक तेवढा फांदीवर दिसतो. येथे उत्तरे ५० आणि ५. पन्नासचा पंचमांश १०, तीन वजा जाता ७, वर्ग ४९, एक मिळवून ५०. पाचाचा पंचमांश १, तीन वजा जाता ऋण २, वर्ग ४, एक मिळवून ५! आकडे बिनचूक जुळतात. तरीही आचार्य पाच हे उत्तर नाकारतात. व्यक्त वस्तू ऋण असणे लोकांस पटत नाही, हे त्यांचे कारण.

हा गणिताचा पराभव काय? आम्हांस तसे वाटत नाही. वर्ग करताच ऋणचिन्ह पुसले जाते. म्हणून किंमत केवळ समीकरणात घालून भागत नाही, ती मूळ प्रश्नातही घालून पाहावी लागते. एक वानरातून तीन वजा कसे करणार?

आचार्यांचे नातू चंगदेव यांनी चाळीसगावजवळ पाटणे येथे त्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापला. १२०७ चा शिलालेख त्याची साक्ष देतो. तेथील विद्यार्थ्यांपुढेही हे वानर आले असतीलच. आपल्या मुलांनी वहीत ताळा जुळवला, की आपणही त्यांना एवढे विचारावे: 'आकडे जुळले, पण उत्तर पटले का?'