कालीचरणाचे बंड

इतिहासाला योगायोगांची मोठी हौस. 1976 साली न्यूयॉर्कमध्ये ‘रामोन्स’ या चौघा तरुणांच्या बँडचा पहिला अल्बम निघाला. गाणी चौदा, आणि सारी मिळून अर्ध्या तासाच्या आत आटोपलेली! पंक संगीताच्या आरंभीच्या अल्बमांत तो मानाने गणला जातो. पुढे गोड चालींचे पॉप पंक आले, तेही याच वाटेने. त्याच वर्षी इकडे सुभाष घई यांनी दिग्दर्शिलेला पहिला चित्रपट ‘कालीचरण’ झळकला. दोहोंचा परस्परांशी काडीचाही संबंध नव्हता.

1988 साली मुंबईच्या ‘रॉक मशीन’ने स्वतःच्या गाण्यांचा पहिला अल्बम काढला. नाव ‘रॉक अँड रोल रेनिगेड’. बंडखोर म्हणवून घ्यायलाही परका शब्द लागला. पुढे 2013 साली मुंबईच्याच ‘द लाइटइयर्स एक्स्प्लोड’ या पंक बँडचा पहिला अल्बम आला, ‘द रिव्हेंज ऑफ कालीचरण’. भाषा इंग्रजी, वळण पाश्चात्त्य. पण सूड घेणाऱ्याचे नाव मात्र इथले! ते वाचताच शत्रुघ्न सिन्हा डोळ्यांपुढे उभा राहतो.

उसने संगीत आपले केव्हा होते? नुसते सूर घोटून नव्हे. आमच्या भाईंदरजवळ उत्तनला ख्रिस्ती लग्नांत विलायती पितळी वाद्ये वाजतात, पण गाणी मराठी बोलीतली असतात. तिथे त्या वाद्यांना परके कोण म्हणेल? कालीचरणाने गिटारीला हेच नागरिकत्व देऊ केले. ते तिने स्वीकारले की नाही, हे पुढची पोरे ठरवतील.