गोव्याचा जनमत कौल, १९६७
गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, हा प्रश्न १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यातील मतदारांपुढे ठेवण्यात आला. संसदेने त्यासाठी १९६६ मध्ये खास कायदा केला होता. हा कौल निवडक लोकांचा नव्हता; प्रत्येक मतदाराला विचारले गेले.

कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचे मंत्रिमंडळ आधीच पायउतार झाले. विलीनीकरणाची खूण फूल, केंद्रशासित प्रदेशाची दोन पाने. विलीनीकरणाला विरोध फक्त कोकणी वा कॅथलिक गोटातून झाला, ही समजूत अपुरी आहे. मडगावचे ‘राष्ट्रमत’ हे दैनिक मराठीतच निघे आणि त्यातले उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर विलीनीकरणवाद्यांवर तुटून पडे. मराठी वाचणारा बहुजन हिंदूही दोन पानांकडे वळवायचा, तर त्याच्याशी मराठीतूनच बोलायला हवे होते.

दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०; फरक ३४,०२१. दोनच महिन्यांनी झालेल्या विधानसभा निवडणुकीत त्याच मतदारांनी विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला ३० पैकी १६ जागा दिल्या आणि बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. कुळांचा कैवारी म्हणून त्यांना मत देणे वेगळे, गोव्याचे वेगळेपण सोडणे वेगळे. गोव्याला घटकराज्याचा दर्जा ३० मे १९८७ रोजी मिळाला.