पंचाच्या वाडग्यातली भुतं

गेल्या वर्षी आमच्या न्यू जर्सीतल्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये हॅलोवीनच्या पार्टीला कोण काय आणणार याची एक शीट फिरत होती. मी ती उघडेपर्यंत समोसे, पिझ्झा, भोपळ्याचा केक हे सगळं वाटून झालं होतं. शिल्लक राहिलेल्या ओळीत लिहिलं होतं : पंच, भीतिदायक हवं, पण लहान मुलांना चालेल असं. मी नाव टाकलं आणि शेजारच्या रकान्यात शेरा मारला, की 'पंच' हा शब्द मूळचा आमचा. तेव्हा काम योग्य माणसाकडे आलं आहे.

दोन दिवसांनी पार्किंगमध्ये एक शेजारीण भेटल्या. साठीच्या पुढच्या, मूळच्या बार्बाडोसच्या. "शब्द तुमचा असेल," त्या म्हणाल्या, "पण ऊस आमच्या लोकांनी तोडलाय." त्या हसत होत्या, म्हणून मीही हसलो. घरी आल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. मग जे वाचत गेलो, त्यातून हा लेख झाला.

चार की पाच?

व्हॉट्सॅपवर फिरणारी व्युत्पत्ती सोपी आहे. दारू, साखर, लिंबू, मसाला आणि पाणी असे पाच जिन्नस, म्हणून 'पंच'. आपल्याला ती लगेच पटते, कारण पंचामृत आपल्या ओळखीचं असतं.

या व्युत्पत्तीचा एक जुना साक्षीदार म्हणजे जॉन फ्रायर. हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७३ साली मुंबईत उतरला. त्याचं प्रवासवर्णन १६९८ साली छापलं गेलं. त्यात तो सांगतो, की उत्तम अरक नेरूलला (गोव्यातल्या, नवी मुंबईतल्या नव्हे) मिळतो, किनाऱ्यावरचे इंग्रज त्यापासून हे अंगातली ताकद काढून घेणारं पेय करतात, आणि हिंदुस्थानी भाषेत पाचाला जे म्हणतात तेच त्याचं नाव.

पण शब्द त्याच्याही आधीचा आहे. कंपनीच्या माणसांच्या पत्रव्यवहारात तो १६३२ सालीच दिसतो. १६३८ साली सुरतेला आलेला जर्मन प्रवासी मांडेल्सलो अशाच पेयाचं वर्णन करतो : मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. मोजले तर चारच भरतात. खुद्द फ्रायरही पाचाची व्युत्पत्ती देता देता चार औषधांच्या मिश्रणाला वैद्य काय म्हणतात तेही सांगून टाकतो. काही अभ्यासकांना वाटतं, की दारूच्या मोठ्या पिंपाला इंग्रजीत 'पंचन' म्हणत, त्यावरून खलाशांनी हा शब्द घडवला असावा.

थोडक्यात, शब्द आपला असण्याची शक्यता बरीच आहे, खात्री नाही. शीटमधला माझा शेरा मात्र खात्रीचा होता. कोड रिव्ह्यूमध्ये दुसऱ्या कुणी असं विधान केलं असतं, तर मी पुरावा मागितला असता.

दोन पावसाळे

पेयाच्या जन्माबद्दल फारसा वाद नाही. युरोपातून निघालेली बिअर आणि वाइन लांबच्या प्रवासात, उष्णतेत टिकत नसे. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर अरक स्वस्त होता, साखर आणि लिंबं मुबलक होती. चव बरी लागावी म्हणून ते सगळं एकत्र झालं. वखारीत, गलबतावर, पुढे 'पंच हाउस' म्हणवल्या जाणाऱ्या गुत्त्यांत एका मोठ्या वाडग्याभोवती माणसं बसायची.

यातले पुष्कळजण घरी परतले नाहीत. १६८९ साली इकडे यायला निघालेल्या पाद्री ओव्हिंग्टननं मुंबईतल्या इंग्रजांची एक म्हण नोंदवली आहे : इथे माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं. या मरणांचा दोष दारूला आणि हवेला दिला जाई. ताप नि हगवण कशानं होते हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. हॅलोवीनसाठी भुतं शोधायची असतील तर तीही याच वाडग्याभोवती बसलेली सापडतील.

साखर

आता शेजारणींच्या वाक्याकडे येतो. 'शुगर' हा शब्द संस्कृत 'शर्करा'पासून फारसी-अरबी मार्गे युरोपात गेला. हॅलोवीनला मुलं दारोदार मागतात ती 'कँडी' आपल्या 'खंड'पासून, म्हणजे खडीसाखरेच्या तुकड्यापासून आली. इथे व्युत्पत्ती पक्की आहे. अभिमान बाळगायचा तर इथे बाळगायला हरकत नाही.

पण मग पुढचंही वाचावं लागतं. इंग्रजांनी १६२७ साली बार्बाडोसवर वसाहत केली. १६४०च्या दशकात तिथे उसाचे मळे उभे राहिले आणि पुढच्या वीसेक वर्षांत आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांची संख्या गोऱ्यांपेक्षा जास्त झाली. मळीपासून रम निघाली, रमनं अरकाची जागा घेतली आणि पंच अटलांटिकभर पसरलं. लंडनच्या किंवा बॉस्टनच्या मेजवानीतल्या वाडग्यात साखर आणि दारू हे दोन जिन्नस बहुधा गुलामांच्या श्रमाचे असत. तिसरा जायफळाचा. ते बांदा बेटांवरून यायचं. १६२१ साली डच कंपनीच्या कूननं तिथल्या बहुतेक रहिवाशांना ठार केलं, गुलाम केलं किंवा हाकलून दिलं. त्यांतलं रन नावाचं एक बेट १६६७च्या ब्रेडाच्या तहात कायमचं डचांकडे गेलं, आणि मॅनहॅटन इंग्रजांकडे राहिलं. त्याच मॅनहॅटनला मी रोज ट्रेननं कामाला जातो.

१७९१ साली ब्रिटनमध्ये गुलामगिरीच्या विरोधात वेस्ट इंडीजच्या साखरेवर बहिष्काराची चळवळ सुरू झाली. पुढे बाजारात अशी साखरदाणी मिळू लागली, जिच्यावर आतली साखर ईस्ट इंडीजची असून ती गुलामांनी बनवलेली नाही असं लिहिलेलं असे. म्हणजे आपली साखर ही सद्‌सद्विवेकाची साखर म्हणून विकली जात होती! हे वाचून क्षणभर बरं वाटलं. पण ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी संपली १८३४ साली, आणि त्याच सुमारास मॉरिशसच्या उसासाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेणं जोरात सुरू झालं. तिथला आजचा मराठी समाज बराचसा त्यांचाच वंशज आहे.

आणि त्यासाठी मॉरिशसपर्यंत जायचीही गरज नाही. माझं गाव सांगली जिल्ह्यातलं. दिवाळीनंतर कारखान्याजवळच्या माळावर ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहायच्या. बीडकडून आलेली माणसं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल फेडेपर्यंत फड सोडता येत नाही, हे मला शाळेत असतानाच माहीत होतं. फक्त त्याला काही म्हणतात हे माहीत नव्हतं. त्यांची मुलं आमच्या शाळेच्या कुंपणाशी उभी राहून आत बघायची. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या. कामाचे दिवस बुडू नयेत म्हणून. तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. बातमी वाचली, आणि कॅन्टीनमध्ये जाऊन दोन चमचे साखरेचा चहा प्यायलो.

बार्बाडोसमधली गुलामगिरी आणि आपल्याकडची उचल एकच आहेत असं मी म्हणत नाही. माणसाची खरेदी-विक्री ही वेगळी गोष्ट आहे. पण 'ऊस आमच्या लोकांनी तोडला' या वाक्यावर 'आमच्याही' असं म्हणायला मला जीभ उचलता आली नसती. कारण आमच्या घरात ऊस लावणारे होते, तोडणारे नव्हते.

दारू गेली, धूर आला

पंच लहान मुलांच्या हाती कसं आलं, हा भाग त्या मानानं हलका आहे. १८४०च्या दशकातल्या दुष्काळामुळे आयरिश लोक मोठ्या संख्येनं अमेरिकेत आले आणि त्यांच्याबरोबर हॅलोवीनचा सण रुजला. तिकडे सलगम कोरायचे, इथे भोपळे मिळाले. त्याच शतकात दारूबंदीची चळवळ वाढली. १८६९ साली वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्यानं चर्चमधल्या वाइनला पर्याय म्हणून न आंबणारा द्राक्षरस बनवला. १९२० ते १९३३ देशभर दारूबंदीच होती. पार्टीच्या मधोमध ठेवायचा वाडगा राहिला. आत फळांचे रस आणि जिंजर एल आलं.

१९३०च्या मंदीत हॅलोवीनच्या रात्री पोरांचा धुडगूस इतका वाढला, की गावोगावी त्यांना गुंतवायला पार्ट्या आणि खाऊवाटप सुरू झालं. महायुद्धात साखरेचं रेशनिंग आलं. ते १९४७ साली उठल्यावर कँडी पुन्हा दारोदार वाटली जाऊ लागली.

राहिला धूर. १८३५ साली फ्रान्समध्ये थिलोरिए यानं घनरूप कार्बन डायऑक्साइडचं वर्णन केलं. अमेरिकेत तो १९२०च्या दशकात 'ड्राय आइस' म्हणून विकला जाऊ लागला. उणे ७८.५ अंश सेल्सिअसला तो न वितळता थेट वायू होतो. दिसणारा धूर त्या वायूचा नसतो; त्याच्या गारव्यानं गोठलेल्या बाष्पाचे ते थेंब असतात. वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे धुकं वाडग्याच्या काठावरून खाली उतरतं. मुलांना नेमकं हेच आवडतं.

माझं पंच

बार्बाडोसचं प्रमाण शेजारणींनीच सांगितलं : एक भाग आंबट, दोन गोड, तीन कडक, चार पाणी. वर जायफळ. मला ते अल्गोरिदमसारखं आवडलं. फक्त 'कडक'ची जागा भरायची होती. रमऐवजी मी आल्याचा काढा घेतला.

एक कप लिंबाचा रस. दोन कप गुळाचा पाक; साखरेऐवजी गूळ घेतल्यानं ऊस कुणी तोडला हा प्रश्न सुटत नाही, हे मला माहीत आहे. तीन कप आल्याचा गार काढा. चार कप पाणी आणि डाळिंबाचा रस मिळून. रक्ताच्या रंगासाठी दोन चमचे कोकम आगळ. त्यात मीठ असतं, म्हणून जास्त नको. साधारण वीस छोटे पेले होतात. पावडर नसलेला नवा हातमोजा धुऊन, त्यात डाळिंबाचा रस भरून गोठवला, की वाडग्यात तरंगायला लाल हात तयार. सोललेल्या लिचीत ब्लूबेरी खोचली की डोळे.

ड्राय आइस पंचात टाकू नये. मोठ्या भांड्यात कोमट पाणी आणि ड्राय आइस, आणि त्यात पंचाचा वाडगा ठेवावा. तुकडा हातानं उचलू नये, कुणाच्या पेल्यात जाऊ देऊ नये, बंद बाटलीत भरू नये. खोलीची खिडकी उघडी असावी.

पार्टीत मुलं धुक्यात हात घालून किंचाळत होती. शेजारणींनी पेला घेतला, एक घोट घेऊन म्हणाल्या, "गोड कमी झालंय." मग मी त्यांना माळावरच्या कोप्यांबद्दल सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्यांची आजी कुठल्या मळ्यावर होती ते सांगितलं. मुलांनी तोवर वाडगा संपवला होता. गोठलेला हात तेवढा तळाशी उरला होता.

या वर्षीच्या शीटमध्ये पंचासमोर मी पुन्हा नाव टाकलं आहे. शेजारचा रकाना कोरा ठेवलाय.