अंकुशकृमी व दीर्घकालीन रक्तक्षय

सातारा-सांगलीच्या कृष्णाकाठी उसाच्या फडातली ओलसर, सावलीची माती अंकुशकृमीच्या अळ्यांना मानवणारी. उघड्यावरच्या शौचाने अशी माती दूषित झाली, की अनवाणी राबणाऱ्याच्या बोटांच्या बेचक्यांतून अळ्या शरीरात शिरतात. लहान आतड्याला चिकटलेला एकेक कृमी रोज ०.०३ ते ०.२ मिलि. रक्त घालवतो. हे चार-दोन थेंबच. पण शंभर कृमी आणि काही वर्षे असा हिशेब मांडला, की पांढुरकी नखे, चढावर लागणारी धाप, बाळंतपणातला धोका यांचा उलगडा होतो. रक्तक्षयाचे मूळ निकृष्ट आहारात आहे, हा आक्षेप खरा, पण अपुरा आहे: लोहाची गोळी भर घालते, गळती थांबवत नाही. २०१५ पासूनच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी मुलांना मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी कृमी पाडते, पुन्हा होणारा संसर्ग रोखत नाही. त्यासाठी घरोघरी वापरातले शौचालय आणि पायांत चप्पल हवीच.